चाचरोचा सेनानी आणि जयपूरचे घराणे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात १९७१ च्या युद्धातील चाचरो या सिंधमधील पाकिस्तानी ठाण्यावरच्या छाप्यावर आणि त्याचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल सवाई भवानीसिंह यांच्यावर आम्ही लेख प्रसिद्ध केला होता. जयपूरच्या राजघराण्यातील या अधिकाऱ्याला त्या कामगिरीबद्दल महावीर चक्र मिळाले. लेखावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे लढाईपेक्षा त्यांच्या घराण्याविषयी आहेत, आणि काहींचा सूर नाराजीचा आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आपल्या लेखात छाप्याचे आणि पदकाचे सविस्तर वर्णन आहे. परंतु याच अधिकाऱ्याला १९७५ मध्ये तिहारच्या तुरुंगात ठेवले होते, त्यांच्या घराण्याच्या किल्ल्यातून सोने निघाले होते आणि मालमत्तेसाठी भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात गेला होता, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. हे जाणूनबुजून वगळले काय? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : लेखाचा विषय डिसेंबर १९७१ मधील चार दिवसांची मोहीम हा होता, आणि तुम्ही लिहिलेल्या सर्व घटना त्या मोहिमेनंतरच्या आहेत. तरी प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळण्याचे आम्हाला कारण नाही.

फेब्रुवारी १९७५ मध्ये, म्हणजे आणीबाणी लागण्याच्या साडेचार महिने आधी, जयपूर घराण्याच्या राजवाड्यांवर, घरांवर आणि कचेऱ्यांवर आयकर खात्याने एकाच वेळी छापे घातले. त्यात मोती डुंगरी या टेकडीवरच्या छोट्या किल्ल्यात सोने सापडले. ते जुन्या खजिन्यातले असून त्याचा हिशेब ठेवलेला आहे, असे घराण्याचे म्हणणे होते. त्यानंतर जुलै १९७५ च्या अखेरीस भवानीसिंह आणि त्यांच्या सावत्र आई राजमाता गायत्रीदेवी या दोघांना दिल्लीत अटक करून तिहारला नेण्यात आले. अटक ‘कॉफेपोसा’ या कायद्याखाली होती. परकीय चलनाचे रक्षण आणि तस्करीला आळा यांसाठी १९७४ मध्ये केलेला हा कायदा प्रतिबंधक स्थानबद्धतेचा आहे. त्याखाली माणसाला आत ठेवण्यासाठी आधी खटला चालवावा लागत नाही आणि गुन्हाही शाबीत करावा लागत नाही. म्हणून ‘तुरुंगात गेलेला अधिकारी’ आणि ‘शिक्षा झालेला अधिकारी’ यांत वाचकांनी फरक करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. आणीबाणीत तुरुंगात गेलेली अनेक माणसे नागपुरातल्या कितीतरी घरांमध्ये होती, आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या त्या महिन्यांकडे या शहराने कधी कलंक म्हणून पाहिलेले नाही.

राजकारणाचा भागही लपून राहत नाही. गायत्रीदेवी ‘स्वतंत्र पक्ष’ नावाच्या पक्षातर्फे १९६२, १९६७ आणि १९७१ अशा तीन निवडणुकांत जयपूरमधून लोकसभेवर निवडून आल्या होत्या. पहिल्या निवडणुकीत त्यांना पडलेल्या मतांचा आकडा १,९२,९०९ होता, आणि सत्ताधारी पक्षाला तो विसरणे सोपे नव्हते. भवानीसिंह स्वतः तेव्हा कोणत्याही पक्षात नव्हते. लष्करातून बाहेर पडलेला तो एक गृहस्थ होता, आणि घराण्याचा कर्ता म्हणून कागदपत्रांवर त्याचे नाव होते, इतकेच.

मालमत्तेचा वाद मात्र घरातला होता, आणि त्याचे खापर सरकारवर फोडता येणार नाही. महाराजा मानसिंह (दुसरे) यांना तीन राण्या होत्या. थोरल्या राणी मरुधर कंवर यांचे पुत्र भवानीसिंह, मधल्या राणींचे दोन पुत्र आणि गायत्रीदेवींचे एक पुत्र. राजगादी थोरल्या मुलाकडे जाते हे सर्वांना मान्य होते; परंतु राज्यच उरले नाही तेव्हा राजवाडे, हॉटेले आणि जमिनी या थोरल्याच्या की हिंदू एकत्र कुटुंबातील सर्व वारसांच्या, हा प्रश्न उभा राहिला आणि तो अनेक वर्षे न्यायालयात रेंगाळला. पुढच्या पिढीत नातवंडांनाही त्याच वाटेने जावे लागले. असे खटले आपल्याकडच्या मालगुजारांच्या वाड्यांनाही नवे नाहीत. एखाद्या कुटुंबाचे वाटणीचे दावे त्या कुटुंबातील सैनिकाच्या लष्करी नोंदीशी जोडावेत, असे आम्हाला वाटत नाही, आणि पुढील उत्तरातही आमची भूमिका हीच राहील.

प्रश्न : मी सैन्यात चोवीस वर्षे काढली आहेत. हॅरोमध्ये शिकलेला, घोड्यावर बसून राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलात नोकरी केलेला राजपुत्र अचानक कमांडो पलटणीचा प्रमुख होतो आणि त्याला देशाचे दुसऱ्या क्रमांकाचे युद्धकालीन शौर्यपदक मिळते. सामान्य घरातल्या अधिकाऱ्याला हे इतके सोपे गेले असते काय? (एक निवृत्त सुभेदार, कामठी)

उत्तर : सुभेदारसाहेब, आपला प्रश्न आम्ही सर्वांत गांभीर्याने घेतला आहे, कारण तो वर्दी घातलेल्या माणसाने विचारला आहे.

सुरुवातीची वाट त्यांना सोपी होती, हे उघड आहे. डून स्कूल, मग इंग्लंडमधील हॅरो, १९५१ मध्ये थर्ड कॅव्हलरी या घोडदळाच्या परंपरेतील रेजिमेंटमध्ये कमिशन आणि १९५४ पासून राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल, हा प्रवास त्या काळी बड्या घरच्या मुलासाठी राजमार्गच होता. वडील मानसिंह हे जगप्रसिद्ध पोलोपटू. त्यांच्या संघाने १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन तिथल्या मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. ज्याच्या घरी तबेलाच अशा घोड्यांचा होता, त्याला अंगरक्षक दलात जागा मिळाली, याचे आश्चर्य वाटायला नको.

परंतु १९६३ नंतरच्या नोंदी वेगळे काही सांगतात. राष्ट्रपती भवनातील सुखाची नोकरी सोडून ते ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये आले. पुढे डेहराडूनच्या भारतीय सैनिक अकादमीत ॲडज्युटंट झाले. १९६७ मध्ये ९ पॅरा कमांडोपासून वेगळी करून १० पॅरा ही नवी कमांडो पलटण उभारण्यात आली, तेव्हा त्यांची तिथे नेमणूक झाली, आणि १९६८ मध्ये पलटणीची सूत्रे त्यांच्या हाती आली. ही पलटण वाळवंटासाठी होती. ज्या पलटणीचे पहिले युद्ध अजून व्हायचे आहे, जिच्याकडे वाळवंटातल्या खोल छाप्यांचा कोणताही तयार नमुना नाही, तिचे नेतृत्व करणे म्हणजे काय, हे आपल्याला आम्ही सांगायला नको. विमानातून उडी मारताना आणि रात्री वाळूत दिशा शोधताना घराण्याचे नाव उपयोगी पडत नाही.

आता छाप्याकडे येऊ. १९७१ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पलटणीच्या तुकड्या बाडमेरच्या बाजूने सीमा ओलांडून सिंधच्या थारपारकर भागात शिरल्या. वाहने होती जोंगा. तेव्हा जबलपूरच्या कारखान्यात बनणारी ही गाडी आपल्या भागात सर्वांच्या परिचयाची आहे. बसक्या, रुंद बांध्याच्या त्या गाडीवर हलक्या मशीनगन बसवलेल्या, आणि आत दारूगोळ्याबरोबर पाणी आणि पेट्रोलही इतके भरून घेतलेले की मागून रसद येण्याची वाट पाहावी लागू नये. वाळवंटात गाडी रुतली तर सगळी योजना रुतते, म्हणून चालकांनी आधीचे कित्येक महिने त्याच प्रकारच्या वाळूत सराव केला होता. सुमारे ७० ते ८० किलोमीटर आत असलेले चाचरो हे पाकिस्तानी रेंजर्सचे ठाणे ७ डिसेंबरच्या पहाटे घेतले गेले, आणि तेथे न थांबता तुकड्या विरावाहकडे वळल्या. शत्रूला आपल्यामागे किती फौज आहे याचा अंदाज येण्याआधीच ती ठाणी पडली होती. अनेक युद्धकैदी हाती लागले आणि पलटणीचा एकही जवान कामी आला नाही. महावीर चक्राच्या मानपत्रात, भवानीसिंह यांनी चार दिवस आणि चार रात्री स्वतः पुढे राहून, जिवाची आणि सुखसोयीची पर्वा न करता शत्रूच्या मुलखात आपल्या माणसांचे नेतृत्व केले, अशा आशयाची नोंद आहे. पलटणीला ‘चाचरो १९७१’ हा युद्धसन्मान मिळाला, आणि तो एका माणसाचा नसतो, हेही आपण जाणता.

एका गोष्टीत मात्र घराण्याचा त्यांना या लढाईतही उपयोग झाला असावा, असे आम्हाला वाटते. थारपारकरमधील सोढा राजपूत आपल्या मुली पिढ्यानपिढ्या राजस्थानात देत आले आहेत आणि राजस्थानातून सुना आणत आले आहेत. फाळणीने मध्ये सीमा आली, तरी नाती तुटली नाहीत. अशा मुलखात जयपूरच्या गादीचा वारस फौज घेऊन येतो, तेव्हा तिथल्या माणसांना तो अगदी परका वाटत नाही. बाखासर गावचा बलवंतसिंह, जो तोवर दरोडेखोर म्हणूनच ओळखला जात होता, याने या मोहिमेत फौजेला वाटा दाखवल्या, असे बाडमेरच्या सीमेवर आजही अभिमानाने सांगितले जाते. वाळवंट जाणणाऱ्या अशा माणसावर विश्वास टाकणे हा सेनापतीचा निर्णय होता, आणि तो योग्य ठरला.

मग सामान्य घरातल्या अधिकाऱ्याला हे पद मिळाले असते काय? १९६८ मध्ये कदाचित उशिरा मिळाले असते. पदक मात्र ७ डिसेंबरच्या पहाटेचे आहे, आणि त्या पहाटेसाठी कोणालाही सवलत नव्हती.

(चाचरोचा परिसर पुढे २ जुलै १९७२ च्या सिमला करारानुसार पाकिस्तानला परत गेला. तेथील अनेक हिंदू कुटुंबे त्याआधी आणि त्यानंतर भारतात येऊन राहिली. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख छापण्याचा आमचा विचार आहे.)

प्रश्न : भवानीसिंहांना ‘बबल्स’ म्हणत, हे खरे काय? एवढ्या शूर माणसाला असे नाव कसे पडले? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : खरे आहे. २२ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांचा जन्म झाला तेव्हा जयपूरच्या राजवाड्यात शॅम्पेनचा असा पूर आला की त्यांना सांभाळणाऱ्या इंग्रज बाईने बाळाला फेसाच्या बुडबुड्यांवरून हे नाव दिले. लष्करातले मित्रही त्यांना शेवटपर्यंत याच नावाने हाक मारीत.

एवढ्या आनंदाचे कारण असे की जयपूरच्या राज्यकर्त्याला गादीवर असताना औरस पुत्र होण्याचा प्रसंग कित्येक दशकांत आला नव्हता. वडील मानसिंह हे ईसरदा या जहागिरीतून दत्तक आलेले. त्यांना दत्तक घेणारे माधोसिंह (दुसरे) हेही त्याच ईसरद्यातून १८८० मध्ये दत्तक आलेले. माधोसिंहांना अनौरस मुले पुष्कळ होती, पण गादीसाठी ती चालत नव्हती. हेच महाराज १९०२ मध्ये एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकाला लंडनला गेले, तेव्हा परदेशातले पाणी नको म्हणून चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर घेऊन गेले. त्यांतल्या दोन घागरी जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आजही उभ्या आहेत. प्रत्येकीचे वजन सुमारे ३४५ किलो, आणि पाणी मावते सुमारे ४,००० लिटर. जवळजवळ माणसाच्या उंचीच्या त्या घागरींवर टाक्याची एकही रेघ दिसत नाही. प्रजेच्या पैशातून काय होऊ शकत होते, हे त्यांच्यासमोर उभे राहिले की कळते, आणि आम्ही त्याचे समर्थन करणार नाही.

नागपूरच्या वाचकांना या दत्तकांच्या हकिकतीत एक बोचरी गोष्ट जाणवेल. डिसेंबर १८५३ मध्ये रघूजी (तिसरे) भोसले औरस पुत्राशिवाय वारले, आणि डलहौसीने दत्तक नाकारून नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ नंतर इंग्रजांचे धोरण बदलले, कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, आणि म्हणून जयपूरची गादी दोनदा दत्तकावर टिकली. नागपूरला तेवढी वेळ मिळाली नाही.

प्रश्न : राजमाता गायत्रीदेवींचे आजोळ बडोद्याच्या गायकवाडांचे होते, असे वाचले. त्यांच्या आईचे लग्न मोडल्याचे प्रकरण काय होते? ते घराण्याच्या बदनामीत का मोजले जाते? (एक शिक्षिका, सक्करदरा)

उत्तर : बाई, हे प्रकरण भवानीसिंहांच्या रक्ताच्या नात्याचे नाही, कारण गायत्रीदेवी त्यांच्या सावत्र आई. तरी मराठी वाचकांना ते जवळचे वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची कन्या इंदिराराजे हिचा विवाह ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी ठरला होता. मराठ्यांची दोन मोठी घराणी एकत्र येणार, म्हणून सर्वत्र समाधान होते. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची आणि बंगालमधील कूचबिहार संस्थानच्या धाकट्या राजपुत्राची, जितेंद्र नारायण यांची ओळख वाढली. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने आईवडिलांना न सांगता माधवरावांना स्वतः पत्र लिहिले आणि आपण हे लग्न करू इच्छीत नाही, असे कळवले. बडोद्याला हे कळले ते ग्वाल्हेरहून आलेल्या तारेने. त्या काळी मुलीने ठरलेले लग्न स्वतःच्या हाताने मोडणे ही गोष्ट कोणत्याही घरात खळबळ उडवणारी होती, मग ती राजघराण्यात किती मोठी ठरली असेल, याची कल्पना करावी. त्यातच कूचबिहारचे घराणे ब्राह्म समाजाच्या प्रभावाखालचे, पाश्चात्त्य राहणीचे, आणि नवरदेव स्वतः गादीचा वारसही नव्हता. अखेर १९१३ मध्ये लंडनला हे लग्न झाले. सयाजीराव आणि चिमणाबाई लग्नाला गेले नाहीत. पुढे थोरल्या भावाच्या निधनानंतर जितेंद्र नारायण गादीवर आले, पण तेही १९२२ मध्येच वारले, आणि इंदिराराजेंनी अल्पवयीन मुलाच्या वतीने कूचबिहारचा कारभार पाहिला. त्यांचीच कन्या गायत्रीदेवी.

बदनामी म्हणाल तर आमच्या मते यात बदनामीचे काहीच नाही. सयाजीरावांनी मुलीला शाळा-कॉलेजचे शिक्षण दिले, आणि शिकलेली मुलगी स्वतःच्या मनाने वागली. महाराजांनी स्वतः स्त्रीशिक्षणासाठी जे केले ते पाहता त्यांनी या लग्नाला लवकर संमती द्यायला हवी होती, असे आम्हाला मनापासून वाटते.

गायत्रीदेवींच्या लग्नाचीही चर्चा झाली, ती वेगळ्या कारणाने. १९४० मध्ये त्या मानसिंहांच्या तिसऱ्या राणी झाल्या, तेव्हा पहिल्या दोन्ही राण्या हयात होत्या, आणि त्या दोघी जोधपूरच्या, नात्याने आत्या आणि भाची. भवानीसिंह त्या वेळी साडेआठ वर्षांचे होते. १९४४ मध्ये त्यांच्या आई मरुधर कंवर वारल्या. तेराव्या वर्षी आई गमावलेल्या या मुलाच्या मनात काय चालले असेल, याविषयी त्यांनी स्वतः फारसे लिहून ठेवलेले नाही, आणि इतरांनी तर्क करू नयेत.

या हकिकतीचा एक धागा तिहारमध्ये पुन्हा जुळतो. १९७५ मध्ये गायत्रीदेवी तिथे होत्या, तेव्हा ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनाही त्याच तुरुंगात आणण्यात आले. विजयाराजे या माधवराव शिंद्यांच्या सूनबाई. ज्या मुलीने पत्र पाठवून माधवरावांना नकार दिला तिची लेक, आणि ज्यांना नकार मिळाला त्यांची सून, या दोघी चौसष्ट वर्षांनी एकाच कारागृहात दिवस काढीत होत्या. गायत्रीदेवींचा तिथला मुक्काम सुमारे साडेपाच महिन्यांचा होता. प्रकृती ढासळल्यामुळे जानेवारी १९७६ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले.

प्रश्न : जयगडाचा खजिना खरोखरच सरकारने ट्रक भरून नेला काय? आमच्या नागपूरच्या महाल वस्तीतही भोसल्यांच्या पुरलेल्या धनाच्या गोष्टी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. (एक वाचक, महाल)

उत्तर : आमेरच्या वर असलेल्या जयगड किल्ल्यात १९७६ च्या जूनपासून अनेक महिने शोध चालला. आयकर खात्याबरोबर लष्कराच्या तुकड्याही कामाला होत्या, टाक्या उपसल्या गेल्या, जमिनी खणल्या गेल्या. ज्या लष्करात या घराण्याच्या कर्त्याने दोन दशके नोकरी केली, त्याच लष्कराच्या हाती त्याच्या किल्ल्यात कुदळी देण्यात आल्या, ही गोष्ट आम्हाला आजही खटकते. बातमी पाकिस्तानपर्यंत पोहोचली, आणि पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये इंदिरा गांधींना पत्र लिहून फाळणीपूर्व संपत्ती म्हणून आपल्या देशाचा वाटा मागितला. ३१ डिसेंबर १९७६ च्या उत्तरात इंदिराजींनी असा दावा कायद्यात बसत नाही असे कळवले, आणि जयगडात कोणताही खजिना सापडला नाही, हेही लिहिले. लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि ट्रकच्या रांगांच्या गोष्टी राजस्थानात आजही चालतात. अधिकृत कागद जे सांगतात ते आम्ही वर दिले आहे.

आपल्या महालाचे म्हणाल, तर येथे धन पुरलेले राहण्यापेक्षा लुटले गेले, ही गोष्ट कागदोपत्री आहे. राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या वाड्यातील सामान, हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याला पाठवले गेले. भोसले घराण्यातील वृद्ध राणी बांकाबाईंनी त्याला केलेला विरोध नागपूरने विसरू नये. आणखी एक जुनी आठवण याच जागी सांगण्यासारखी आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले आप्पासाहेब भोसले अखेर जोधपूरच्या महामंदिरात आश्रयाला गेले, आणि तिथल्या महाराजांनी इंग्रजांनी मागूनही त्यांना हवाली केले नाही. १८४० मध्ये आप्पासाहेब तिथेच वारले. भवानीसिंहांच्या मातोश्री त्याच जोधपूरच्या घराण्यातल्या.

प्रश्न : ज्या पक्षाच्या सरकारने तुरुंगात टाकले, त्याच पक्षाच्या तिकिटावर ते निवडणुकीला कसे उभे राहिले? आणि त्यांना शेवटपर्यंत ‘महाराजा’ म्हणणे योग्य होते काय? (एक वाचक, रामदासपेठ)

उत्तर : १९८९ मध्ये ते काँग्रेसतर्फे जयपूरमधून लोकसभेसाठी उभे राहिले आणि भारतीय जनता पक्षाचे गिरधारीलाल भार्गव यांच्याकडून पराभूत झाले. राजीव गांधी यांच्याशी त्यांचे संबंध चांगले होते. १९८७ मध्ये श्रीलंकेत जाफना येथे १० पॅराच्या जवानांना जबर झीज सोसावी लागली, तेव्हा आपल्या जुन्या पलटणीला धीर देण्यासाठी ते तिथे गेले होते, आणि त्यानंतर त्यांना ब्रिगेडियर हा मानद हुद्दा मिळाला. श्रीलंकेला जाणे आम्हाला त्यांच्या आयुष्यातील फार मोठी गोष्ट वाटते. निवडणुकीचा निर्णय मात्र आम्हाला पटत नाही. तिहारमध्ये त्यांच्याबरोबर आणखी कितीजण होते, त्यांना तो कसा वाटला असेल, याचा विचार व्हायला हवा होता. १९९४ ते १९९७ या काळात ते ब्रुनेईत भारताचे उच्चायुक्त होते. १७ एप्रिल २०११ रोजी त्यांचे निधन झाले.

उपाधीविषयी : वडिलांच्या निधनानंतर, म्हणजे जून १९७० पासून, ते मान्यताप्राप्त महाराजा होते, आणि सरकारकडून मिळणारा जयपूरचा वार्षिक तनखा १८ लाख रुपये होता. घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही रद्द केल्या, आणि ती दुरुस्ती २८ डिसेंबर १९७१ पासून लागू झाली. तारखा पाहाव्यात. चाचरो पडले ७ डिसेंबरला. तीन आठवड्यांत याच सैनिकाची उपाधी कायद्याने गेली. लोकशाहीत ती जायलाच हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून लेखात आम्ही त्यांचा उल्लेख लष्करी हुद्द्याने केला होता, आणि पुढेही तसाच करू.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी करते आहे. माझ्या आजोबांना सरकारी नोकरीत अफरातफरीच्या आरोपावरून बडतर्फ केले होते. आमच्या वस्तीत हे सर्वांना माहीत आहे. तुमचा लेख वाचून विचारावेसे वाटले की राजघराण्याच्या मुलाला जे खपले ते माझ्यासारखीला खपेल काय? मुलाखतीत हे निघाले तर काय सांगू? (एक विद्यार्थिनी, प्रतापनगर)

उत्तर : तुझे पत्र आम्ही दोनदा वाचले. शांतपणे ऐक.

लेखी परीक्षेनंतर एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या अधिकारी निवड मंडळाची, निवड पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी चाळणी, मग मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकार्ये, मुलाखत आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षकांची एकत्र बैठक. तिथे गेल्यावर जो वैयक्तिक माहितीचा फॉर्म भरून घेतात, त्यात आई-वडील आणि भावंडे यांचे शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न विचारलेले असते. आजोबांच्या नोकरीचा रकाना त्यात नाही. मुलाखत घेणारा अधिकारी घरच्या वातावरणाविषयी विचारील, पण त्याला तुझे विचार, तुझी जबाबदारीची जाणीव आणि अडचणीत तू कशी वागलीस हे समजून घ्यायचे असते.

निवड झाल्यानंतर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. साक्षांकन फॉर्ममध्ये प्रश्न असतात ते उमेदवाराबद्दल : तुला कधी अटक झाली आहे काय, तुझ्यावर खटला आहे काय, तुला कोणत्या परीक्षेतून बाद केले आहे काय. याची उत्तरे तंतोतंत खरी लिहावीत, कारण नोकरी जाते ती बहुधा माहिती दडवल्यामुळे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खोटी माहिती देणे किंवा माहिती लपवणे याचे परिणाम सविस्तर सांगितले आहेत. नागपुरात वकिलांकडे किंवा एखाद्या जाणत्या मार्गदर्शकाकडे तो निकाल समजून घेता येईल.

मुलाखतीत आजोबांचा विषय निघालाच, तर जे घडले ते दोन वाक्यांत सांग. बचाव करू नकोस आणि त्यांना दूषणेही देऊ नकोस. त्या बडतर्फीनंतर घर कोणी आणि कसे सावरले, हे तू पाहिले असशील. विचारले तर ते सांग, कारण ते तुझे स्वतःचे पाहिलेले आहे. फॉर्म भरण्याआधी घरातल्या मोठ्यांकडून तारखा आणि कागद एकदा नीट पाहून घे, म्हणजे बोलताना अडखळायला होणार नाही. निकाल लागला की आम्हाला अवश्य कळव.